टाके निघाले तरी इंजेक्शन थांबवू नका

अन्ननलिकेच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया पार पडली, की घरच्यांचे सगळे लक्ष एका जोडाकडे लागते. रोगट भाग काढल्यावर जठराची नळी करून ती उरलेल्या अन्ननलिकेला छातीत किंवा मानेत जोडलेली असते. हा जोड गळला नाही, न्यूमोनिया झाला नाही, तर साधारण दहा-बारा दिवसांत रुग्ण घरी जातो. सुटलो एकदाचे, असे सगळ्यांना वाटते. एक धोका मात्र रुग्णाबरोबरच घरी जातो. तो म्हणजे पायाच्या खोल शिरेत होणारी रक्ताची गुठळी.

कॅन्सरमध्ये रक्त एरवीपेक्षा लवकर गोठते. त्यात कित्येक तासांची शस्त्रक्रिया, नंतरचे अंथरूण आणि अनेकदा आधी घेतलेली केमोथेरपी यांची भर पडते. पायातली गुठळी सुटून फुप्फुसात अडकली, तर चांगला सावरलेला रुग्ण काही मिनिटांत दगावू शकतो.

ती टाळणारे औषध जुने आहे. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या, मोठ्या शस्त्रक्रियांच्या चार हजारांवर रुग्णांच्या चाचणीत फुप्फुसातील गुठळीने हेपॅरिन न दिलेल्या गटात १६, तर दिलेल्या गटात २ मृत्यू झाले. आज त्याचेच सुधारित रूप, एनॉक्सापॅरिन, पोटाच्या कातडीखाली टोचतात. प्रश्न किती दिवस, हा आहे. पोट व ओटीपोटाच्या कॅन्सर शस्त्रक्रियांवरील २००२ च्या चाचणीत साधारण आठवडाभर इंजेक्शन घेतलेल्यांपैकी १२ टक्के रुग्णांत तपासणीत गुठळ्या आढळल्या. चार आठवडे घेतलेल्यांत हे प्रमाण ४.८ टक्के होते. अन्ननलिकेच्या शस्त्रक्रियेसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही चार आठवडेच सांगतात.

प्रत्यक्षात डिस्चार्ज कार्डावर इंजेक्शनाची एक ओळ असते आणि ती समजावून सांगायला कोणाला वेळ नसतो. टाके निघाले, आता सुई कशाला, असे घरच्यांना वाटते. गावातल्या मेडिकलमध्ये ते मिळत नाही, मिळाले तर टोचायचे कोणी? ‘त्यापेक्षा गोळी द्या’ असाही आग्रह होतो. पण या रुग्णांना अनेकदा थेट लहान आतड्यात घातलेल्या नळीतून आहार दिला जातो. रिव्हारॉक्सॅबॅनसारखी गोळी कुटून त्या नळीतून दिली, तर ती नीट शोषली जात नाही.

यावरचा उपाय अवघड नाही. चार आठवडे शस्त्रक्रियेपासून मोजायचे असतात. त्यामुळे घरी जाताना साधारण सोळा-अठरा इंजेक्शने उरतात. आयुष्मान भारत योजनेत रुग्णालयातून घरी गेल्यावर १५ दिवसांपर्यंतच्या औषधांचा खर्च धरलेलाच आहे. मग ही इंजेक्शने चिठ्ठीवर लिहून न देता डिस्चार्जच्या वेळीच नातेवाइकांच्या हातात द्यावीत. शेवटच्या दोन-तीन दिवसांत सिस्टरांनी मुलाकडून किंवा सुनेकडून ती आपल्या देखत टोचून घ्यावीत. इन्सुलिन घरोघरी टोचले जाते, तसे हेही जमते.

औषध रक्त पातळ करणारे आहे, म्हणून मूत्रपिंड कमजोर असलेल्यांना, प्लेटलेट कमी असलेल्यांना किंवा रक्तस्राव होत असलेल्यांना डॉक्टर मात्रा बदलतात किंवा ते टाळतात. स्वतःच्या मनाने सुरू किंवा बंद करू नये. काळी शौचास किंवा रक्ताची उलटी झाली, एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, अचानक धाप लागली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

आणि ‘आराम करा’ म्हणून रुग्णाला खाटेला खिळवून ठेवू नये. रोज एक सुई आणि अंगणात चार फेऱ्या, एवढे चार आठवडे सांभाळले, तर मोठ्या शस्त्रक्रियेने वाचवलेला जीव एका गुठळीपायी गमावण्याची वेळ सहसा येत नाही.