मुका ठणका

मराठीत दुखण्याच्या शब्दांची वानवा नाही. कळ येते, चमक भरते, ठणका लागतो, काटा सलतो. कॅनडातल्या मेलझॅक यांनी १९७५ साली अशाच शब्दांची प्रश्नावली करून वेदना मोजली. पण स्मृतिभ्रंशाने जिचे शब्दच नेले, त्या आजीने काय सांगावे? आपण म्हणतो, "म्हातारी हल्ली फार चिडते!"

अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, खुब्याचे हाड मोडलेल्या अशा रुग्णांना इतरांच्या मानाने एक-तृतीयांशच वेदनाशामक मिळाल्याचे आढळले. न बोलणाऱ्याचे सोनेही विकत नाही, ते असे!

तिथेच २००३ साली 'पेनॅड' ही मोजणी निघाली. श्वास, कण्हणे, चेहरा, अंगाची ठेवण आणि समजावल्यावर शांत होणे, या पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण, एकूण दहा. कूस बदलताना मुद्दाम पाहावे. अर्थात हा तापाचा पारा नव्हे. माणूस भीतीनेही कण्हतो. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध द्यावे आणि गुण उतरतात का, ते पुन्हा पाहावे.

अवघड का आहे हे? आपल्याला बोलता येत नव्हते, तेव्हा तिने नुसत्या रडण्यावरून पोटदुखी ओळखून बेंबीला हिंग लावलाच होता की!