आवाज फुटणं वेगळं, शब्द हरवणं वेगळं

डाऊन सिंड्रोम असलेलं मूल 12-13व्या वर्षी अडखळू लागलं, पुटपुटू लागलं किंवा गप्प झालं, की ‘वय आहे’ किंवा ‘अशा मुलांचं असंच’ म्हणून विषय संपतो. तो तिथे संपू नये. कानात साठलेला द्रव, मंदावलेली थायरॉइड ग्रंथी, झोपेत अडणारा श्वास, नैराश्य. यांतलं काहीही बोलणं मागे नेऊ शकतं आणि यांवर उपचार आहेत. काही आठवड्यांतच शब्द हरपले, तर मेंदूविकारतज्ज्ञ गाठावाच. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत श्रवण आणि वाचा दोन्ही तपासतात. पण गोंगाटाला बिचकणाऱ्या मुलाला डोंबिवलीच्या लोकलमध्ये चढवून, दादरला गाडी बदलून दर आठवड्याला कोण नेणार? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. मग महापालिकेच्या रुग्णालयात या मोठ्या मुलांच्या वाचोपचाराचे वार ठरलेले हवेत, आणि तसा फलकही बाहेर लागलेला हवा.