चित्राखाली नाव कुणाचे?

फुलापानांची चित्रे काढणे म्हणजे फावल्या वेळचा छंद, असे आपल्याकडे आजही समजतात. चित्र काढणारी स्त्री असेल तर विचारायलाच नको! वास्तविक वनस्पतीचे शास्त्रशुद्ध चित्र म्हणजे नुसते सुंदर फूल नव्हे. पाकळ्या किती, पाने समोरासमोर की एकाआड एक, हे त्यात अचूक यावे लागते. कळी, फूल, फळ आणि बी एकाच कागदावर उतरते.

इंग्रजी अमदानीत हे काम अनेक स्त्रियांनी केले. व्हाइसरॉयची पत्नी शार्लट कॅनिंग हिने येथील असंख्य वनस्पती रंगविल्या. १८६१ साली कलकत्त्यास तापाने तिचा अंत झाला. मेरियन नॉर्थ १८७७ ते १८७९ या काळात हिंदुस्थानात हिंडली व झाडे त्यांच्या परिसरासह तैलरंगात रंगवीत गेली. लंडनच्या क्यू उद्यानात तिने स्वखर्चाने बांधलेले चित्रदालन १८८२ साली उघडले. तेथे तिची आठशेंहून अधिक चित्रे आहेत. ही काय नुसती करमणूक म्हणायची?

मात्र या स्त्रियांजवळ पैसा होता, सवड होती आणि नावही होते. पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेत अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५० च्या दरम्यान एका हिंदी चित्रकाराकडून वनस्पतींची चित्रे करवून घेतली. ती एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवली आहेत. चित्रकार मात्र अनामिकच राहिला. नाव नोंदणे अशक्य होते, असेही नाही. त्याआधी सुमारे सत्तर वर्षे, कलकत्त्याच्या मेरी इम्पीने पशुपक्षी रंगविण्यासाठी नेमलेल्या शेख झैनुद्दीन, भवानी दास व राम दास यांची नावे चित्रांवर आली, म्हणूनच ती आज आपल्याला ठाऊक आहेत.

माझ्या मते, मडमेच्या कामाला छंद म्हणणे आणि देशी चित्रकाराला केवळ हात समजणे, हा एकाच वृत्तीचा अन्याय आहे. आणि तो करणारे फक्त साहेबच होते काय? आपल्या सावली परिसरात पहाटे मोहफुले वेचणारी, उन्हाळ्यात तेंदूपाने तोडणारी बाई झाड सालीवरून ओळखते. तिच्या ज्ञानाला आपण तरी विद्या म्हणतो का?

तेव्हा विद्यार्थिनींनी कागद-पेन्सिल घेऊन रानात जावे. मोह, पळस, चारोळी डोळे भरून पाहावी आणि रेखाटावी. चित्राखाली शास्त्रीय नाव लिहावे, गावातले नाव लिहावे, आपली सही करावी. आणि ज्या बाईने झाड ओळखून दिले, तिचेही नाव तिच्या संमतीने आवर्जून लिहावे. वार्षिकांकाचे एक पान त्यासाठी सहज राखता येईल.