धरून सोडलेला मासा

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी लहानपणी ओढ्याच्या डोहाशी बसून गांडुळाच्या आमिषाने गळ टाकला असेल. मासा लागला की तो घरी न्यावयाचा, याविषयी त्यांच्या मनात कधी शंका आली नसेल. आमच्याही आली नव्हती. गतवर्षी एप्रिलात हिमाचल प्रदेशातील एका विश्रामगृहात चार दिवस राहण्याचा योग आला, तेव्हा ती प्रथम आली.

कुलूकडे जाणारा हमरस्ता औट येथे सोडून बंजारच्या बाजूस वळले, की लारजीपाशी बियासेला मिळणारी तीर्थन नदी सोबतीला येते. विश्रामगृह तिच्या अगदी काठावर. खोल्यांत थाट नाही. ओसरीवर मात्र भिंतीला टेकलेल्या लांब काठ्या, वाळत घातलेले बूट आणि मेजावर पिसे, रेशमी दोरे व इवलेसे गळ यांचा पसारा. पाहुणे सगळे ट्राउटचे वेडे. जेवतानाही कोणत्या खडकाआड कोणता मासा दडतो, याखेरीज दुसरा विषय नाही.

येथे गांडूळ चालत नाही. पाण्यावर उडणाऱ्या किड्यांच्या रूपाची खोटी माशी पिसांनी गळावर बांधतात. ती इतकी हलकी, की फेकून दूर जाईना. म्हणून वजन दोरीला दिलेले असते. काठी मागेपुढे झुलवून दोरी हवेत उलगडावयाची, म्हणजे माशी तिच्यामागून अलगद पाण्यावर उतरते. आम्हास ही विद्या साधली नाही. पहिल्याच दिवशी आमची माशी दोनदा झाडात व एकदा आमच्याच टोपीत अडकली.

तपकिरी ट्राउट हा मूळचा युरोपातला. इंग्रजी अमदानीत हौशी अंमलदारांनी त्याची अंडी विलायतेहून बर्फात घालून आणविली. १९०० साली तो काश्मिरात रुजला आणि १९०९ च्या सुमारास कुलू खोऱ्यात आला. थंड, वाहते, प्राणवायूने भरलेले पाणी त्याला लागते. हिवाळ्यात तो वाळूगोट्यांत अंडी घालतो, म्हणून १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर मासेमारी बंद असते. एरवीही परवाना लागतो आणि ठरलेल्या मापाहून लहान मासा सोडावा लागतो.

आमचा वाटाड्या गावातलाच पंचविशीचा तरुण. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने एक चांगला दांडगा मासा धरला. आधी हात पाण्यात भिजविले, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो. मग गळ सोडविला, आणि प्रवाहाकडे तोंड करून मासा धरून ठेवला. तो शेपटी मारून निसटला.

“बाबा रे, मापाचा होता ना? मग का सोडलास?” आम्ही विचारले.

“साहेब, याच्यासाठी पाहुणे येतात. पाहुणे येतात म्हणून मी दिल्लीला हॉटेलात भांडी घासायला गेलो नाही.”

या उत्तरामागे इतिहास आहे. या नदीवर वीजप्रकल्प व्हावयाचे होते. बंजारचे माजी आमदार दिलाराम शबाब आणि खोऱ्यातील ग्रामस्थ यांनी विरोध केला, गाऱ्हाणे उच्च न्यायालयापर्यंत नेले, आणि प्रकल्प रद्द झाले. नदी वाहती राखावी यासाठी जी कारणे पुढे आली, त्यांत हा परदेशी मासाही होता. गंमत अशी, की हाच पाहुणा येथील मूळच्या माशांच्या पिलांवर ताव मारतो. एका बाजूने राखणदार, दुसऱ्या बाजूने आगंतुक! याचा निवाडा आमच्याने होत नाही.

रात्री ताटात ट्राउट होताच. पण तो नदीतला नव्हे. सिमेंटच्या हौदांत वाढविलेला रेनबो जातीचा. वाटाड्याच्या वडिलांचे असे दोन हौद होते. जुलै २०२३ च्या महापुरात, ज्याने कुलू जिल्ह्याची दाणादाण केली, एक हौद माशांसह वाहून गेला. दुसरा गाळाने भरला.

निघण्याच्या दिवशी आम्ही पाहिले, तर बापलेक गुडघाभर पाण्यात उभे राहून त्या हौदाच्या तोंडाशी दगड रचीत होते. काठी काठावर पडली होती. आम्ही हाक मारली; त्याने ओल्या हातानेच नमस्कार केला आणि पुढचा दगड उचलला.