मुद्राच कच्ची असेल तर?

सत्तरीतील शेतकऱ्याला एकचौदाचा उतारा पाहायचा तर एकेकाळी वाळपईच्या कचेरीत खेटे घालावे लागत. आज तो घरबसल्या संगणकावर दिसतो. ही सोय स्वागतार्हच आहे. परंतु कागद गेला म्हणून बनावटगिरी गेली, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. बनावट दस्तऐवजांच्या आधारे जमिनी लाटल्याच्या तक्रारींमुळे 2022 साली सरकारला पोलिसांचे विशेष तपास पथक आणि निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्य आयोग नेमावा लागला, हे गोमंतक विसरलेला नाही.

संकेतस्थळांनाही मुद्रा असते. आपण एखाद्या संकेतस्थळावर प्रवेश केला की ब्राउझर आपली ओळख प्रत्येक विनंतीबरोबर आपोआप धाडतो. त्याच वेळी एखादे कपटी पान उघडले गेले, तर ते आपल्या नकळत आपल्याच नावे अर्ज पाठवू शकते. म्हणून मूळ संकेतस्थळ आपल्या अर्जात एक गुप्त खूण, म्हणजे टोकन, घालते. खूण नसलेला अर्ज फेटाळायचा असतो. मात्र ही खूण घड्याळावरून वा अनुक्रमांकावरून बेतलेली असेल, तर चोर ती ताडू शकतो. आणि ती तपासलीच जात नसेल, तर असून नसल्यासारखी!

ज्या तयार सांगाड्यांवर, म्हणजे फ्रेमवर्कांवर, ही कामे उभी राहतात, तेही चुकतात. विशिष्ट शीर्षक जोडलेली विनंती घरचीच, असे समजून रेल्स आणि जँगो हे दोन नामवंत सांगाडे तिचे टोकन तपासत नसत. ते शीर्षक परक्यालाही जोडता येते असे आढळल्यावर, फेब्रुवारी 2011 मध्ये दोघांनाही ही सवलत काढून घ्यावी लागली. ओळखीचा शिपाई दिसला म्हणून शिक्का न पाहताच कारकुनाने कागद पुढे सरकवावा, तसाच हा प्रकार.

आपल्याकडील अमुक संकेतस्थळ कच्चे आहे, असा आमचा आरोप नाही. परंतु ते पक्के असल्याची खात्री त्रयस्थ तज्ज्ञांकडून करून घेतली पाहिजे. टोकन अंदाज न बांधता येणाऱ्या यादृच्छिक आकड्यांतून घडावे, ते प्रत्येक प्रवेशागणिक वेगळे असावे आणि नोंद बदलणाऱ्या प्रत्येक अर्जावर तपासले जावे, या अटी कंत्राटातच घालाव्यात. जमिनीच्या हक्कासाठी शेळ-मेळावलीने 2021 साली काय सोसले, ते सर्वांनी पाहिले आहे. काम संपताच संकेतस्थळातून बाहेर पडा, एवढा उपदेश नागरिकाला करून भागणार नाही. शिक्का सरकारचा आहे. तो पक्का राखण्याचे दायित्वही सरकारचेच.