कुलूप नसलेलं वाय-फाय: बघणं, जोडणं आणि ऐकणं यात फरक काय?

फोनवर वाय-फाय चालू केलं की आजूबाजूच्या नेटवर्कची यादी येते. एखाद्या नावापुढे कुलपाचं चिन्ह नसतं. मग प्रश्न येतोच, ‘असं नेटवर्क शोधणं बेकायदेशीर आहे का?’ मला वाटतं, या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत. ते वेगळे करून बघूया.

पहिला, यादी बघणं. राउटर आपलं नाव आणि सुरक्षेचा प्रकार सेकंदाला साधारण १० वेळा स्वतःच जाहीर करत असतो. आपला फोन तेवढंच टिपतो. हे दुकानाची पाटी वाचण्यासारखं झालं. यात मला काही गैर दिसत नाही.

दुसरा, जोडणं. इथे गाडी अडते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ४३ म्हणतं की मालकाच्या किंवा प्रभारीच्या परवानगीशिवाय संगणक किंवा नेटवर्कमध्ये शिरलात, तर भरपाई द्यावी लागू शकते. तेच अप्रामाणिक हेतूने केलं तर कलम ६६ लागतं: ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दार उघडं आहे म्हणजे आत यायचं आमंत्रण आहे, असं होत नाही. कॅफेने किंवा स्टेशनने स्वतः दिलेलं वाय-फाय वेगळं, तिथे परवानगी असते.

तिसरा, दुसऱ्यांचा डेटा टिपून ठेवणं. गुगलच्या स्ट्रीट व्ह्यू गाड्या उघड्या वाय-फायवरून लोकांच्या ई-मेलचे तुकडेही गोळा करत होत्या, हे २०१० मध्ये बाहेर आलं. २०१३ मध्ये कंपनीने अमेरिकेतल्या ३८ राज्यांशी ७० लाख डॉलर्सची तडजोड केली.

आता आपल्याकडचं बघा. जुलै २००८ मध्ये अहमदाबाद स्फोटांच्या काही मिनिटं आधी गेलेला धमकीचा ई-मेल नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वाय-फायवरून पाठवला होता. ते वाय-फाय दुसऱ्याच कोणीतरी वापरलं होतं, पण पोलीस आधी पोहोचले ते मालकाच्या दारात. पुढे २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी उघडी नेटवर्क शोधून मालकांना सावध करण्याची मोहीम जाहीर केली.

म्हणजे स्कॅनिंग तेच, पण हेतू वेगळा. माझ्या मते रेघ इथेच आहे. शेजाऱ्याचं नेटवर्क उघडं दिसलं तर जोडून ‘चेक’ करू नका; सरळ जाऊन सांगा, ‘काका, तुमच्या वाय-फायला पासवर्ड नाहीये.’ त्याचा स्क्रीनशॉट पत्त्यासकट ग्रुपवर टाकणं तर नकोच. आणि आज घरी गेल्यावर आपल्या राउटरवर डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ चालू आहे ना, तेवढं बघून घ्या. उद्या त्यावरून कोणी काही पाठवलं, तर पहिला प्रश्न तुम्हालाच विचारला जाईल.