जुन्या दगडांची राखण

सौंसर तालुक्यातील आपले बोरगाव 2023 साली नव्या पांढुर्णा जिल्ह्यात गेले. येथून सावनेरमार्गे नागपूरला आपण बाजारासाठी, दवाखान्यासाठी नेहमी जातो. परंतु या मुलखाच्या पोटात किती जुनी माणसे विसावली आहेत, याचा विचार आपण क्वचितच करतो.

नागपूरच्या पश्चिमेस काटोल रस्त्यालगत जुनापाणी येथे सुमारे 300 शिळावर्तुळे आहेत. मोठ्या दगडांचे कडे, आत गोटे व मातीची भर, आणि खाली मृतांसोबत ठेवलेल्या वस्तू, अशी त्यांची रचना. ती इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील आहेत. 1961-62 साली तेथे बी. के. थापर ह्यांनी उत्खनन केले. माहुरझरी येथे घोड्यांचे अलंकार सापडले, तर पेंचकाठच्या नैकुंड येथे लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली. म्हणजे ही माणसे कसबी होती, आणि आपल्या मृतांना विसरणारी नव्हती.

स्कॉटलंडहून 1845 साली नागपुरास आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप टाकळघाटची वर्तुळे पाहून परतताना 4 सप्टेंबर 1863 रोजी पुरात बुडाले. ते आपल्या पंथाचे नव्हते; तथापि त्यांची जिज्ञासा आदरणीय होय.

संत पॅट्रिक ह्यांच्या आयर्लंडमध्येही अशी ठिकाणे गावोगाव आहेत. तेथील अनेक शेतकऱ्यांनी शेतातल्या प्राचीन मातीच्या कड्यांना पिढ्यान्पिढ्या नांगर लावला नाही. आपल्याकडे मात्र पाया भरावयास वा बांध घालावयास आयता दगड मिळाला की मोह होतो, आणि एकदा हललेला दगड पुन्हा जागी बसत नाही.

कोणी म्हणेल, ते ख्रिस्ती नव्हते, मग त्यांची चिंता आम्ही का वाहावी? अब्राहामाने सारेच्या दफनासाठी चारशे शेकेल रुपे मोजून शेत व गुहा विकत घेतली, तेव्हा प्रभु येशूच्या जन्मास शतके उरली होती. मृतांस मूठमाती देणे हे पवित्र सभेने दयाकृत्यांत गणले आहे. मग दिलेली मूठमाती उकरणे आपणांस कसे शोभेल?

वाचकहो, शेतात असे दगडी कडे आढळल्यास ते हलवू नये. पटवाऱ्यास वा पुरातत्त्व खात्यास कळवावे. येत्या 2 नोव्हेंबरला आपल्या आप्तांच्या कबरीवर मेणबत्ती लावताना मुलांना ह्या अनामिकांविषयीही सांगावे. त्यांची नावे केवळ परमेश्वरास ठाऊक आहेत. दगडांची राखण मात्र त्याने आपणांवर सोपविली आहे.